खाक्या दाखवताच

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक वाक्य वर्षानुवर्षं छापलं जातं. गाव कुठलंही असो, चोरी मोटारसायकलची असो की मंगळसूत्राची, वाक्य तेच : ‘आरोपीने सुरुवातीला उडवाउडवीची उत्तरे दिली, मात्र पोलिसी खाक्या दाखवताच त्याने गुन्ह्याची कबुली दिली.’ बातमीदार ते सवयीने लिहितो, उपसंपादक सवयीने पुढे सोडतो आणि सकाळी चहा घेता घेता वाचणारा पान उलटतो. चोर सापडला, एवढं त्याला पुरतं.

खाक्या म्हणजे ढब, रीत, वागण्याची ठरलेली तऱ्हा. शब्द सौम्य आहे. पण त्याच्याआड बंद खोलीत काय झालं असेल, हे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला न सांगता कळतं. पट्टा, तळपायांवर काठी, रात्रभर उभं करून ठेवणं. म्हणजे त्या एका वाक्यात दोन गुन्हे आहेत. एकाची कबुली आरोपीने दिली आहे, दुसऱ्याची बातमीने. कबुली मिळवण्यासाठी माणसाला दुखापत करणं हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. दुखापत गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंतच्या. हे कलम १८६० च्या दंड संहितेत होतं, आजच्या न्याय संहितेतही आहे. कलम समजावं म्हणून जुन्या संहितेने खाली उदाहरणं दिली होती. त्यांतल्या पहिल्याच उदाहरणातला गुन्हेगार पोलीस अधिकारी आहे. कायदा लिहिणाऱ्यांना हा गुन्हा कोणाकडून घडतो याबद्दल जराही शंका नव्हती.

शंका नसण्याला कारण होतं. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यात एका सरकारी आयोगाने छळाच्या तक्रारींची चौकशी करून अहवाल दिला. शेतसारा वसूल करण्यासाठी आणि गुन्हे उघड करण्यासाठी रयतेची बोटं लाकडी चिमट्यात दाबली जात, माणसाला कमरेत वाकवून तासन्‌तास बांधून ठेवलं जाई. वसुली आणि पोलिसी काम तेव्हा एकाच हातात होतं. पुढे १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात नियम आला की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमातही तो कायम आहे, फक्त कलमाचा आकडा पंचवीसचा तेवीस झाला. या देशातल्या लोकांवर विश्वास न ठेवणाऱ्या परक्या सरकारलासुद्धा एवढं उमगलं होतं, की वेदनेने माणूस खरं बोलत नाही. तो वेदना थांबवणारं काहीही बोलतो.

मग ज्या कबुलीची न्यायालयात काडीची किंमत नाही, ती मिळवायला खाक्या का लागतो?

एक कारण कायद्यातच आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या निवेदनातला त्या वस्तूपुरता भाग पुरावा म्हणून चालतो. सुरा विहिरीत टाकला, दागिने सोनाराकडे मोडले, असं तो सांगतो. पंचांसमोर मेमोरँडम पंचनामा होतो, मुद्देमाल जप्त होतो आणि तपास मार्गी लागतो. तो हे बोलला कसा, हा प्रश्न बहुतेकदा पंचनाम्याबाहेर राहतो. जुन्या कायद्यातलं हे कलम सत्तावीस पोलीस ठाण्यातल्या शिपायालाही तोंडपाठ असतं. बंद केलेल्या दाराला ठेवलेली ही फट आहे आणि मार त्या फटीतून आत येतो.

दुसरं कारण कामाच्या ओझ्याचं आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष करून पोलिसांना बोल लावणं अन्यायाचं होईल. बंदोबस्त, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, गणपती, मोहरम आणि यांतून वेळ उरला तर तपास, असा ठाण्यातल्या माणसाचा दिवस असतो. मुंबईत शिपायांना आठ तासांची पाळी मिळावी म्हणून पहिला प्रयोग झाला तो २०१६ साली, देवनार पोलीस ठाण्यात, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. बोटांचे ठसे, फोनचे तपशील, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब जुळवत बसायला दिवस लागतात आणि झोप झालेली माणसं लागतात. पट्ट्याला अर्धा तास पुरतो. वरून रोज विचारणा होत असते, ‘डिटेक्शन झालं का?’ ही विचारणा करणाऱ्या साहेबाला काय उत्तर आलं हे कळतं. ते कसं मिळालं, हे तो विचारत नाही.

यावर पहारा म्हणून न्यायालय आहे. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. तिथे त्याला विचारलं जातं, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा प्रश्न म्हणजे कोठडीतल्या माणसाच्या हातातलं जवळजवळ एकमेव हत्यार. पण विचारला जातो तेव्हा त्याचा हात धरून तोच हवालदार शेजारी उभा असतो आणि पोलीस कोठडी मंजूर झाली तर संध्याकाळी त्याच खोलीत परत जायचं असतं. ‘नाही’ असं उत्तर येतं. रिमांडच्या कागदावर ‘तक्रार नाही’ एवढी नोंद होते. कागद खोटा नसतो, तरी त्यात खरं काहीच नसतं.

असं सगळं असताना या देशात एका माणसाने तशीच बातमी वाचून पान उलटलं नाही, हेही नोंदवायला हवं. १९८६ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम बंगालमधल्या एका कायदेविषयक मदत संस्थेचे पदाधिकारी डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या वर्तमानपत्री बातम्यांकडे लक्ष वेधणारं पत्र सरन्यायाधीशांना लिहिलं. पत्रालाच याचिका मानलं गेलं. दहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ रोजी, निकाल आला : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेच्या पंचनाम्यावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी, घरच्यांना कळवायला हवं, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आहे, पण तो अजून मान्य करून लागू केलेला नाही. त्यासाठीचं विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे बारगळलं.

बसू निकालाला एकवीस वर्षं होत आली असताना, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सांगली शहर पोलिसांनी लुटीच्या तक्रारीवरून दोन तरुणांना पकडलं. दोघेही कोठडीतून पळून गेले असं पोलिसांनी सांगितलं. प्रत्यक्षात त्यांतला एक मारहाणीत मेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला होता. उघड झालं ते दुसरा तरुण जिवंत राहिला म्हणून. उपनिरीक्षकासह पोलिसांना अटक झाली, सांगली बंद राहिली, तपास सीआयडीकडे गेला. त्याच्या घरच्यांना आपला मुलगा कुठे आहे हे विचारायला ज्या ठाण्यात जावं लागलं, त्याच ठाण्यात त्याचं काय झालं ते माहीत असलेली माणसं बसलेली होती. या गोष्टीवरून मन लवकर पुढे सरकत नाही.

मराठी बातमीने घडवलेला आणखी एक शब्द आहे, ‘चकमकफेम’. नोव्हेंबर २००६ मध्ये वाशीतून लखनभैया नावाच्या गुंडाला आणि त्याच्या साथीदाराला उचलण्यात आलं. लखनभैयाचा भाऊ वकील होता. त्याने तत्काळ तारा आणि फॅक्स करून अपहरणाची तक्रार केली. त्याच संध्याकाळी वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ लखनभैया चकमकीत ठार झाल्याचं जाहीर झालं. तारेवरची वेळ मात्र पुसता येत नव्हती. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, तेव्हा निर्दोष सुटलेले ‘चकमकफेम’ पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही दोषी धरलं. सत्र न्यायालयाच्या निकालाआधीच तो साथीदार, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार, साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला.

लखनभैया गुंडच होता ना, असं कोणी म्हणेल. त्याच्यासाठी मुंबई पोलिसांच्याच इतिहासात उत्तर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठी असताना दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. त्यांच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा माणूस मारला गेला होता, गाडीत एक दहशतवादी मरून पडला होता, आणि तरी दुसरा जिवंत पकडला गेला. त्या क्षणी त्याला गोळी घातली असती तर देशात एकानेही जाब विचारला नसता. कसाबचा कबुलीजबाब पोलिसांनी नव्हे, दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला. खटला चालला, त्याला वकील मिळाला, कट कुठे शिजला ते न्यायालयाच्या कागदावर आलं, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. बळ वापरायचं कुठे आणि थांबायचं कुठे, याचा याहून कठीण प्रसंग क्वचितच कोणा पोलिसावर आला असेल.

चकमकीतल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने सोळा निर्देश दिले ते २३ सप्टेंबर २०१४ रोजी, महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी, बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत डोक्यात गोळी लागून मेला. त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असं पोलिसांचं म्हणणं. पेढे वाटले गेले. ‘बदला पुरा’ असे फलक लागले. पेढे वाटणाऱ्यांचा संताप खोटा नव्हता. चार वर्षांच्या मुलींचं नाव निघालं की कोणाचंही रक्त तापतं. पण खटला सुरू होण्याआधीच संपला. त्या मुलींचं म्हणणं खरं होतं, असं त्या माणसाविरुद्धच्या निकालात लिहून मिळण्याचा त्यांचा हक्क गाडीतच संपला.

आरोपीच्या आईवडिलांना मुलाला पुरायला जागा मिळेना. अखेर उल्हासनगरमध्ये पोलीस बंदोबस्तात दफन झालं. वडिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतली होती. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे आढळले नव्हते. फेब्रुवारीत आरोपीचे आईवडील न्यायालयात उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की आम्हाला आता हा खटला लढायचा नाही. न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि नीला गोखले यांनी प्रकरण बंद केलं नाही. मदतीला ज्येष्ठ वकील नेमल्या आणि एप्रिलमध्ये गुन्हा नोंदवून विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला. तक्रार करणारं आता कोणी उरलं नव्हतं.