पहारा कोणासाठीं?

जुन्या घरांतील फ्यूजची पेटी काढून तिच्या जागीं नवी, आपोआप खटका पडणारी पेटी बसवावी कीं नाहीं, हा प्रश्न वायरमनचा. मासिकाच्या पानांत त्याचें काय काम, असें वाचकांपैकीं कोणी म्हणतील. परंतु आमच्या मतें हा प्रश्न वायरमनकडे जाण्यापूर्वीं घरमालकाच्या विवेकबुद्धीपुढें यावयास पाहिजे. आणि तेथें तो क्वचितच येतो.

पाचगणीचेंच उदाहरण घेऊं. एकोणिसाव्या शतकांत जॉन चेसन या इंग्रज गृहस्थानें ही वसाहत नांवारूपास आणली. महाबळेश्वराच्या मानानें येथील पाऊस पुष्कळच कमी, म्हणून हें ठिकाण बारमाही राहण्यास पसंत पडलें. पुढें निवासी शाळा आल्या, क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम निघालें, मुंबईकरांचे बंगले उभे राहिले. पाऊस कमी तो महाबळेश्वराच्या मानानें, एवढेंच! आषाढ-श्रावणांत जांभ्या दगडाच्या भिंती पाणी पितात, धुकें खिडकीवाटे खोल्यांत शिरतें, कपाटांतल्या कपड्यांस बुरशी येते. अशा भिंतींवर सागवानी पट्ट्यांतून नेलेल्या, रबर व सुती विणीच्या वेष्टनांतल्या तारा जुन्या घरांत आढळतात. रबर कालांतरानें कडक होऊन तडकतें. आणि या तारांच्या मुळाशीं, जिन्याखालीं किंवा व्हरांड्याच्या कोपऱ्यांत, चिनी मातीच्या फ्यूजांची ती पेटी असते.

फ्यूजची कल्पना मोठी सरळ आहे. एडिसनला १८९० सालीं अशा एका रचनेचें पेटंट मिळालें. वाजवीपेक्षां जास्त प्रवाह वाहूं लागला कीं मुद्दाम बारीक ठेवलेली तार आधीं वितळते, आणि बाकीच्या तारा तापून घर पेटण्याचें टळतें. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. ही तार रक्षण करते तें तारांचें, भिंतींचें, छपराचें. माणूस तिच्या हिशेबांतच नाहीं. १५ अँपिअरची तार वितळावयास साधारणतः त्याच्या दुपटीइतका प्रवाह लागतो. आणि माणूस मरावयास? एका अँपिअरचा दहावा भागही पुष्कळ झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीं, स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून, किती प्रवाह वाहूं लागला म्हणजे हातांत धरलेली वस्तु सोडतां येत नाहीं, याचें मोजमाप केलें. पुरुषांच्या बाबतींत तो सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास निघाला. म्हणजे त्या १५ अँपिअरचा जवळजवळ हजारावा भाग. एवढा प्रवाह कोणाच्या अंगांतून गेला तर फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाहीं. माणूस चिकटून राहतो आणि फ्यूज शाबूत असतो.

नव्या पेटींत दोन रक्षक असतात. पहिला एमसीबी, जर्मनींतील मानहाइम येथें ह्यूगो श्टोट्स यांच्याकडे १९२४ सालीं त्याचा उगम झाला. तो फ्यूजचेंच काम अधिक चोख करतो, पण रक्षण पुन्हां तारांचेंच. दुसरा आरसीसीबी. याचें काम जमाखर्च ठेवणाऱ्या कारकुनाचें. एका तारेनें जितका प्रवाह घरांत गेला तितकाच दुसरीनें परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरची तूट आढळली, कीं ती वाट चुकून, कदाचित् कोणाच्या तरी अंगांतून, जमिनींत जात आहे असें समजून तो निमिषांत पुरवठा तोडतो. डॅल्झिएल यांनींच १९६१ सालीं याच तत्त्वावरचें एक उपकरण सिद्ध केलें. दोन्ही तारा एकदम धरणाऱ्याला मात्र हा कारकून वाचवूं शकत नाहीं; कारण तेथें हिशेब जुळतो.

म्हणून पेटी बदलतांना आपण ठरवीत असतों तें हें, कीं घरांत पहारा ठेवावयाचा तो वास्तूसाठीं कीं तींत वावरणाऱ्यांसाठीं. पुष्कळ मालक म्हणतात, पन्नास वर्षें या पेटीवर घर चाललें, कांहीं झालें नाहीं. पण ज्याला व्हावयाचें तो कोण? मालक मुंबईस किंवा पुण्यास राहतो; मे महिन्यांत आणि दिवाळींत चार दिवस येतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कपडे धुण्याचें यंत्र लावणारी बाई, पावसांत पंपाचें बटण दाबणारा माळी, थंडीच्या दिवसांत गीझरच्या नळाखालीं हात धरणारें पाहुण्यांचें मूल, धोका यांचा आहे. निर्णय मात्र मालकाचा. स्वतःच्या जिवावर उदार होण्याचा अधिकार आम्ही कोणाचाही काढून घेत नाहीं. दुसऱ्याच्या जिवावर, तेंही त्याला न विचारतां, उदार होणें याला धैर्य म्हणत नाहींत. काटकसर तर नाहींच नाहीं. त्याच बंगल्याच्या दिवाणखान्यांत इटालियन फरशी घालतांना काटकसर कोणास आठवत नाहीं, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.

जुन्या पेटीच्या बाजूनेंही बोलण्यासारखें आहे, आणि तें आम्ही मोकळेपणानें बोलतों. घरांतला कर्ता माणूस बॅटरीच्या उजेडांत फ्यूज बांधी; कोणता फ्यूज माजघराचा, कोणता माडीचा, हें त्यास ठाऊक असे. आपल्या घराची ही ओळख आतां सुटत चालली आहे. परंतु त्याच हातानें बारीक तारेच्या जागीं जाड तार बांधिली, हेंही तितकेंच खरें. पहारेकऱ्यास लांच द्यावयास वीतभर तार पुरत असे. एमसीबीस ती इतकी सहज चारतां येत नाहीं. यावर कोणी विचारील, कीं वाईट करण्याची सोयच काढून घेतली तर माणसाची नीति वाढली काय? वाढली नाहीं. पण धुणेंवालीचा जीव वांचला. आणि मालकाच्या नीतीची वाढ होईपर्यंत तिनें वाट पाहावी, असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवाय लांच द्यावयाची वाट नव्या पेटींतही अगदींच बुजलेली नाहीं. पहिल्याच पावसांत खटका पडतो. वर करावा तर पुन्हां पडतो. मग घरांत चिडचिड होते, पेटीच वाईट असें ठरतें, आणि वायरमनला बोलावून आरसीसीबीस वळसा घालून तारा जोडून घेण्यांत येतात. ओल भिंतींत होती, तडा रबरास गेला होता. पेटीनें फक्त वर्दी दिली. वर्दी देणाऱ्यास काढून टाकणें सोपें, भिंत उघडणें खर्चाचें. म्हणून ज्यास पेटी बदलावयाची त्यानें जुन्या तारांच्या आणि अर्थिंगच्या तपासणीचा खर्चही आधींच धरावा. नाहींतर तो स्वतःलाच मोहांत घालीत आहे.

या आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराची एक लहानशी कळ असते. ती अधूनमधून दाबून पाहावी आणि खटका पडतो याची खात्री करून घ्यावी, असें बनविणारे सांगतात. फारच थोडे दाबतात. भाड्याच्या बंगल्याच्या यादींत पंखे, खाटा, गाद्या, चहाचे पेले सर्व मोजलेले असतात. ही कळ त्यांत आम्हांस कधीं दिसली नाहीं. पुढच्या मे महिन्यांत पाचगणीस बंगला घेणाऱ्या कुटुंबानें अनामत रक्कम देण्यापूर्वीं ती मालकाकडून किंवा त्याच्या रखवालदाराकडून आपल्यादेखत दाबून घ्यावी. दिवे गेले, तर सामान आंत आणावें.