पितळेची रेघ

वडिलांची १९७१ची फियाट दापोडीतल्या एका शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढवली आहे. मिस्त्री इथल्याच एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पत्र्याच्या कामात गेली. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं, पेचकस टेकवला आणि जरा दाबताच तो आरपार गेला.

“हा गेला. बदलायचा. कुठला पत्रा घालू, ते तुम्ही सांगा.”

मी ठरवूनच आलो होतो. भोसरीत एका भंगारवाल्याकडे पद्मिनी, म्हणजे हीच गाडी पुढच्या नावानं, उभी आहे, तिचा फ्लोअर शाबूत आहे. तेवढा कापून आणायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेला पत्रा. माझ्या गाडीला तोच खरा.

“चालू आहे का ती?”

“इंजिन फिरतं. कागद नाहीत.”

“म्हणजे एक मारायची आणि एक जगवायची.”

“मिस्त्री, ती भंगारातच आहे. मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीचीसुद्धा मुदत २०२३च्या ऑक्टोबरात संपली. मी नाही कापली तरी तिचा गोळाच होणार.”

“होईल तेव्हा होईल. आज कापा म्हणताय ते तुम्ही. उद्या तुमच्यासारखाच कुणी ती उभी करायला आला तर त्याला काय सांगायचं?”

मी विषय बदलला, हे कबूल करतो. तुम्ही काय सुचवता, असं विचारलं.

“वीस गेजची नवी सीआर शीट, साधा पोलादी पत्रा. हातानं ठोकून आकार देतो.”

“नवाच घालायचा तर जस्त चढवलेला घाला की. गंजणार तरी नाही.”

“झाळायला घेतला की सांध्यावरचं जस्त पांढरा धूर होऊन उडतं. गंज सुरू होतो तो सांध्यातूनच, आणि नेमकं तिथंच कवच नाही. शिवाय तो धूर माझ्या छातीत जातो, ते वेगळं.”

“पण नवी शीट घातल्यावर ही फियाट कशी राहील?”

“एसटीत आम्ही जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवायचो. अ‍ॅल्युमिनियमची उतरवली, पोलादी चढवली. नंबर तोच, गाडी तीच.”

इथे मला मुद्दा सापडला. “तिथे चेसिस होती, मिस्त्री. तिच्या जिवावर तुम्ही गाडी तीच म्हणत होता. फियाटला वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, रनिंग बोर्ड, खांब, सगळा झाळलेला पत्रा, तोच हिचा सांगाडा. कपडे बदलणं वेगळं आणि हाड बदलणं वेगळं. २०२१च्या नियमातही पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज ठरते ती मूळ रूप राखलेलं असलं तरच. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.”

“हाडाचं बरोबर बोललात,” ते म्हणाले आणि तारेचा ब्रश घेऊन भोकाभोवती घासू लागले. काळा थर निघाला, मग तांबूस, आणि मग एक पिवळी रेघ चमकली. वीतभर जाऊन ती काटकोनात वळली.

“पितळेची झाळ. कारखान्यात स्पॉट मारतात, ठिपके दिसतात. हे गल्लीतल्या गॅरेजचं काम आहे. साहेब, हा पत्रा कुर्ल्याचा नाहीच. तुमच्या वडिलांनीच बदलून घेतलाय.”

मी वाकून पाहिलं. रेघ जराही खराब झाली नव्हती. तिच्या कडेचं लोखंड मात्र खाल्लं गेलं होतं. शाळेत जाताना मी ज्या फ्लोअरवर दप्तर ठेवत असे, तो मूळचा नव्हता. मी मात्र इतकी वर्षं त्यालाच मूळ समजत होतो.

“आता कुठली गाडी परत आणायची ते सांगा. कारखान्यातली की वडिलांची?”

“वडिलांची.”

“मग भोसरीचा पत्रा कशाला? तो तुमच्या वडिलांनी पाहिलासुद्धा नव्हता.”

मी म्हणालो, अशानं काहीच मूळ उरत नाही, सगळी ठिगळंच. त्यावर त्यांनी विहारात ऐकलेली मिलिंद राजाची गोष्ट काढली. राजा रथातून आला. भिक्खू नागसेनांनी विचारलं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? राजा नाही नाही म्हणत गेला. मग रथ आहे कुठे? सगळं जुळून आलं की त्याला रथ म्हणायचं, इतकंच.

“मग भंगाराच्या ढिगातून जुळवलेली कुठलीही फियाट माझ्या वडिलांचीच म्हणायची?”

ते बराच वेळ गप्प होते. लोणावळा लोकल गेली.

“तसं नाही. त्याच गोष्टीत पुढे दिवा आहे. रात्रभर जळतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली, एकच का? एक नाही, पण वेगळीही नाही. न विझता चालत आली. तुमची गाडी तशी चालत आलीय.”

“पण त्या दिव्यात तेल घालायला दुसरा दिवा कुणी विझवला नव्हता.”

“मग तुम्ही का विझवायला सांगताय?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. सीआर शीट आणा म्हणालो. वाटलं, मिटलं. तर त्यांनी नवंच काढलं.

“वरून गुळगुळीत करून देईन. खालून सांधा उघडा ठेवणार. प्रायमर मारीन, रंग मारीन, पण लांबी भरून लपवणार नाही. पुढच्या कारागिराला कळलं पाहिजे कुठं काय केलंय. मला आज कळलं तसं.”

“मला तो दिसायला नको, मिस्त्री. काही झालंच नाही, असं वाटलं पाहिजे.”

“झालं तर आहे.”

त्यांनी खडूनं कापायची रेघ मारली, पितळेच्या बाहेरून. म्हणजे पितळही जाणार. निदान इंजिनाच्या बाजूला खडूची रेघ आत घ्या, तेवढी झाळ राहू द्या, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली नाही.

“तिथलं लोखंड पातळ झालंय. नवी झाळ धरेल का, बघावं लागेल.”

आणि पेचकस घेऊन ते पितळेच्या कडेनं एकेक बोट जागा टोचून पाहू लागले.