लेबल नसलेली बाटली

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात एक ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ड्रमवर नाव, बॅच नंबर आणि धोक्याची खूण दिसल्याशिवाय मामा झाकणाला हात लावत नसत. एखाद्या नव्या पोरानं ग्लोव्हज न घालता व्हॉल्व्ह धरला की ओरडत, "अ‍ॅसिड ओळख बघत नाही रे. समोर येईल ते खातंय!"

सेफ्टी शूज घालून दिवसभर उभं राहून मामांच्या तळपायाला, करंगळीखाली, कुरूप झालं. दवाखान्यात जायचं तर शिफ्ट बुडणार. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली, ‘कुरूप, चामखीळ मुळासकट बाहेर, घरबसल्या’. तीनशे नव्व्याण्णव रुपयांत एक कुपी, दोन ब्लेड आणि चिकटपट्टी. पार्सल थेट गेटवर आलं. औषधावर घटक, बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, मुदत हे सगळं छापायलाच लागतं. १९४० च्या औषध कायद्याखालचा तसा नियमच आहे. या कुपीवर फक्त गुलाबाचं चित्र होतं.

मामांनी रात्री ब्लेडनं कुरूप तासलं आणि वर थेंब सोडले. दुखलं नाही. मामा खूश. पण न दुखण्यात त्या कुपीची काही करामत नव्हती. मामांना बारा वर्षांची साखर, आणि जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. आठवड्यानं मोजा जखमेला चिकटून आला, वास सुटला. कुरपाच्या जागी रुपयाएवढा खड्डा पडला होता.

मामांनी कुपी लॅबमधल्या केमिस्ट पोरीला दाखवली. तिनं पीएच पेपरवर एक थेंब टाकला. कागद लालभडक झाला.

"अ‍ॅसिड आहे ओ मामा. हेच बिनलेबलच्या ड्रममधून आलं असतं तर तुम्ही झाकणाला हात लावला नसता."

"पण जाहिरातीत डॉक्टर होता की!"

"पांढरा कोट होता. कोट तर मीपण घालते."

करंगळी काढावी लागली. कुरूप घालवायच्या बहुतेक औषधांत सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते जाड कातडी विरघळवतं, पण चांगली कातडी कुठं सुरू होते हे त्याला कळत नाही. दुकानातल्या चांगल्या पट्ट्यांवरसुद्धा मधुमेह्यांनी वापरू नये अशी सूचना असते. मामा ती सूचना वाचणाऱ्यातले होते, हेच यातलं वाईट.

आणि मामा ईएसआय या कामगार विमा योजनेत होते. त्यासाठी पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जात होता. ईएसआयच्या कार्डावर कुरूप पहिल्याच आठवड्यात फुकट दाखवता आलं असतं. तुमच्या घरात कुणाला साखर असेल, तर आज रात्री त्यांचे तळपाय उजेडात बघा. कुरूप दिसलं तर ब्लेड लावू नका, काही मागवू नका; पाय डॉक्टरांना दाखवा.