मरण आणि कर

इंग्रजी भाषेंत एक म्हण फार चालते : ह्या जगांत खात्रीच्या गोष्टी दोनच, एक मरण व दुसरी कर. आमच्या तरुण बंधूंपैकीं जे शहरांत इंग्रजी शिकून येतात त्यांच्या तोंडून ती आम्ही पुष्कळदां ऐकतों. घरपट्टीची मागणी आली म्हणजे ती म्हणावयाची, आणि गांवांत कोणी दगावला म्हणजेही तीच म्हणावयाची. लोक हंसतात, व हंसण्यास आमची हरकत नाहीं. परंतु जी गोष्ट हंसत हंसत मान्य होते तिची पारख कोणी करीत नाहीं. म्हणून आज ती करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही म्हण अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांच्या नांवावर चालते. वस्तुतः ती त्यांच्याहून जुनी आहे. डॅनियल डीफो ह्या ग्रंथकारानें १७२६ सालीं छापलेल्या एका पुस्तकांतही ती आढळते. पण तिचा गाजावाजा झाला तो फ्रँक्लिन ह्यांनीं १३ नोव्हेंबर १७८९ रोजीं फ्रान्सांतील आपले मित्र ल रॉय ह्यांस लिहिलेल्या पत्रामुळें. फ्रान्सांत त्या वर्षीं राज्यक्रांति उसळली होती. मित्राचें वर्षभर पत्र नाहीं, तो जिवंत आहे कीं नाहीं ही शंका. आणि लिहिणारे स्वतः त्र्याऐंशी वर्षांचे, दुखण्यानें जर्जर झालेले. आपल्या देशाची नवी राज्यघटना टिकेल असें दिसतें, इतकें लिहून त्यांनीं लागलाच हा शेरा जोडिला. पांच महिन्यांनीं, १७ एप्रिल १७९० रोजीं, ते वारले. म्हणजे म्हणीचा अर्धा भाग त्यांनीं आपल्या देहानें खरा केला. दुसऱ्या अर्ध्याची गोष्ट निराळी. इंग्लंडच्या पार्लमेंटानें १७६५ सालीं अमेरिकन वसाहतींवर स्टँपाचा कर बसविला, तेव्हां ह्याच गृहस्थांनीं त्या सभेपुढें उभें राहून त्याविरुद्ध साक्ष दिली, आणि १७६६ सालीं तो कर रद्द झाला. मरण असें साक्षीनें कोणीं रद्द केलें आहे? (प्रभूची गोष्ट पुढें येईल.)

तेव्हां हे दोन बैल एका जुंवाखालीं जोडण्याजोगे नव्हेत. कर माणसें बसवितात, माणसें वाढवितात व माणसेंच उठवितात. मिठावरील कर आमच्या आजोबा-पणजोबांस कधीं चुकला नाहीं. परंतु १९३० सालीं महात्मा गांधींनीं दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललें, आणि १९४७ सालीं तो कर गेला. बारडोली तालुक्यांत शेकडा २२ नें वाढविलेला सारा १९२८ सालच्या सत्याग्रहानंतर चौकशी होऊन शेकडा ६ च्या वाढीवर आला. जें माणसानें केलें तें न्यायाचें आहे कीं नाहीं हें माणसानें विचारलेंच पाहिजे. तेथें "चुकत नाहीं" म्हणून मान खालीं घालणें ही नम्रता नव्हे. उलटपक्षीं, "आम्ही शेतकरी, आम्हांस प्राप्तिकर नाहीं, आम्ही सरकारचें कांहीं लागत नाहीं," असें म्हणणारे बंधुही आमच्या मंडळ्यांत आहेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर चालू आहे, व गरीब विधवा साबणाची वडी घेते तींतही तो भरलेला असतो, हें त्यांच्या ध्यानांत नाहीं.

मरणाविषयीं मात्र आम्हांस अधिक बोलावयाचें आहे, आणि तें बोलणें जड जातें. कांहीं वर्षांपूर्वीं एका खेड्यांत बारा वर्षांचा मुलगा रात्रीं जमिनीवर निजला असतां त्यास मण्यार चावली. शेजाऱ्यांनीं प्रथम त्यास मांत्रिकाकडे नेलें. तेथून परत आणिल्यावर मंडळी जमली व त्याच्याभोंवतीं प्रार्थना करीत बसली. त्या मंडळींत आम्हीही होतों. दवाखाना सहा कोसांवर होता. पहांटे मुलाच्या पापण्या मिटूं लागल्या तेव्हां आम्ही गाडी शोधूं लागलों. वाटेंतच त्यानें प्राण सोडिला. दुसरे दिवशीं कबरेपाशीं आम्हींच बोध केला, आणि मरण कोणास चुकलें आहे, देवाची इच्छा झाली, असें म्हणालों. माती लोटून झाल्यावर मुलाची आई एवढेंच बोलली : "साहेब, रात्रींच नेलें असतें तर?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. प्रार्थना केली हें चुकलें नाहीं. ती गाडींत बसून करावयाची होती. मरण येणार हें निश्चित आहे. पण तें ह्याच रात्रीं, ह्याच वयांत, ह्याच कारणानें यावें हें निश्चित होतें असें आम्हांस कोणीं सांगितलें होतें? आपला उशीर आम्हीं देवाच्या पदरीं घातला. ज्या रोगाचें नांवच देवी, तो कधीं टळेल असें पूर्वीं कोणास वाटत होतें? तरी १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस लस टोचली, हिंदुस्थानांतील ती पहिलीच. आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तो रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें. विंचवाच्या दंशानें कोंकणांत किती मुलें जात! महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं प्राझोसिन ह्या औषधाचा गुण दाखवून दिल्यापासून वेळेवर आणलेलीं मुलें बहुधा वांचतात. सर्पविषावरील औषधही सरकारी दवाखान्यांत टोचतात, व तें विकत घेतलें जातें तें आपण कुरकुरत दिलेल्या पैशांतून, त्या साबणाच्या वडीवरल्या पैशांतूनसुद्धां. म्हणींतले दोघे सोबती समजावे, तों त्यांतला एक दुसऱ्याची वाट अडवून उभा असतो.

आतां प्रभूकडे वळूं. त्याच्या जन्माच्या वेळीं कैसर औगुस्ताच्या हुकुमानें नांवनिशी चालली होती, म्हणूनच योसेफ व मरीया बेथलेहेमास गेलीं. आणि पिलातापुढें त्याजवर जे आरोप आणिले त्यांत, हा कैसरास कर देण्याची मनाई करितो, हा एक होता. तो खोटा होता हें नाणें दाखवून प्रश्न विचारणारांस ठाऊक होतें. कराच्या कागदांत त्याचा जन्म, आणि कराच्या आरोपांत त्याचें मरण. ह्या दोहोंपैकीं एकही त्याजवर बंधनकारक नव्हतें. आपला प्राण आपण होऊन देतों, कोणी तो आपणापासून घेत नाहीं, असें त्यानें सांगितलें होतें. कफर्णहूमांत मंदिराची पट्टी घेणारे आले तेव्हां, पुत्र पट्टीपासून मोकळे असतात हें त्यानें पेत्राकडून वदवून घेतलें, आणि तरी, त्या लोकांस अडखळण होऊं नये म्हणून, पेत्रास गळ घेऊन समुद्राकडे पाठविलें. पट्टी घेणारांनीं विचारलें होतें तें केवळ गुरूविषयीं. पेत्राच्या देण्याची गोष्ट कोणी काढिलीच नव्हती. माशाच्या तोंडांत जें नाणें सांपडलें तें दोघांपुरतें होतें.