अव्यक्त अपेक्षांचे ऋण

सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारात पाऊल ठेवत नाहीत, नणंद-भावजय लग्नमंडपात तोंड फिरवून बसतात, एकाच छपराखाली राहणारे पती-पत्नी केवळ कामापुरते बोलतात. अशा कलहांत पुष्कळदा मोठा अपराध कोणाचाच नसतो. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या, तर एक वाक्य मात्र हमखास कानी पडते : ‘एवढेही त्याला कळू नये?’ माझे ज्याच्यावर प्रेम आहे त्याला माझ्या मनातले न सांगता उमगलेच पाहिजे, असे गृहीत या तक्रारीमागे असते. ते न्याय्य आहे काय?

ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात या प्रश्नाला हात घातला होता. ‘निकोमाखीय नीतिशास्त्र’ या ग्रंथाच्या आठव्या भागात परस्परांच्या उपयोगावर आधारलेल्या मैत्रीचे तो दोन प्रकार सांगतो. एकात देण्याघेण्याच्या अटी आधीच ठरलेल्या असतात. दुसऱ्यात माणूस मित्राला भेट द्यावी तसे देतो. परंतु तेवढेच किंवा त्याहून अधिक परत मिळावे अशी अपेक्षा मनात धरतो, जणू दिले ते उसनेच होते. तक्रारी येथे उद्भवतात, कारण देणाऱ्याच्या वहीत जे कर्ज म्हणून नोंदलेले असते, ते घेणाऱ्याने भेट म्हणून स्वीकारलेले असते.

आपल्या कुटुंबांतील नाती केवळ उपयोगाची नसतात, हे खरे; तथापि अशी वही तेथेही उघडली जाते. थोरली बहीण शिक्षण अर्धवट सोडून कामाला लागते व धाकट्या भावाला शिकवते. पुढे भाऊ संसाराला लागतो, घर बांधायला काढतो आणि तिला कळते ते पाया खणून झाल्यावर. तिला पैसा नको असतो, ‘ताई, तुला कसे वाटते?’ एवढा प्रश्न हवा असतो. भावाच्या लेखी ताईने जे केले ते मायेपोटी केले. दोघेही प्रामाणिक आहेत आणि दोघेही दुखावलेले आहेत.

कधीकधी तर आपण मनात असते त्याच्या नेमके उलट बोलतो. आखातात नोकरी करणारा मुलगा फोनवर विचारतो, ‘आई, नाताळला येऊ का?’ आई म्हणते, ‘कशाला उगाच खर्च करतोस? आम्ही बरे आहोत.’ मुलगा तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो आणि तिकीट काढत नाही. फोन खाली ठेवून आई डोळे पुसते. बिचारा मुलगा आईचे ऐकूनही कृतघ्न ठरतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील थोरला मुलगा आपल्याला ठाऊक आहे. इतकी वर्षे राबूनही मित्रांबरोबर मौज करायला साधे करडूही मिळाले नाही, अशी त्याची तक्रार आहे. त्याने ते कधी मागितले होते, असा उल्लेख दृष्टान्तात नाही. जे काही आहे ते सर्व तुझेच आहे, असे पिता त्याला सांगतो. ज्या घरात सर्व काही त्याचे होते, तेथे तो मनातल्या मनात मजुरीचा हिशेब मांडत राहिला.

यावर कोणी म्हणेल, मागून मिळालेल्या प्रेमाला किंमत ती काय? हा आक्षेप वरवर उदात्त वाटतो. वास्तविक पाहता, मागणी स्पष्ट केली म्हणजे समोरच्याला होय किंवा नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य मिळते आणि त्या स्वातंत्र्यातून दिलेले प्रेम उणे ठरत नाही. न बोलता वाट पाहणारा मात्र दुसऱ्याला अशा परीक्षेला बसवतो, जिची प्रश्नपत्रिका त्याने त्याला दाखवलेलीच नसते.

परंतु सर्वांनाच बोलता येते का? नव्याने घरात आलेली सून, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, दुसऱ्याच्या आश्रयाने राहणारी विधवा बहीण यांनी मागावे आणि अपमान झेलावा, असे अनेकदा घडलेले असते. त्यांच्या मौनाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. तेथे विचारण्याचे कर्तव्य बलवानाकडे जाते. यरीहोच्या रस्त्यालगत बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला काय हवे होते, हे कोणालाही दिसत होते; तरीही आपण त्याच्यासाठी काय करावे, असे प्रभू येशूने त्यालाच विचारले. गरज उघड दिसत असतानाही विचारण्यात माणसाचा मान राखला जातो.

अपेक्षा शब्दांत मांडण्याचा आणखी एक लाभ आहे. काही अपेक्षा उच्चारताना आपल्यालाच संकोच वाटतो. ‘प्रत्येक भांडणात तू बायकोविरुद्ध माझीच बाजू घ्यावीस,’ असे किती माता मुलाला उघडपणे सांगू शकतील? जी अपेक्षा स्वच्छ मनाने बोलता येत नाही, ती सोडून देणेच श्रेयस्कर.

नाताळ जवळ आला की अनेक घरांत तो फोन पुन्हा वाजेल. ‘ये बाळा, तुला डोळे भरून पाहावेसे वाटते,’ असे त्या वेळी एखाद्या आईने मोकळेपणाने म्हणावे. कदाचित त्याला रजा मिळणार नाही आणि तो येऊ शकणार नाही. तरीही आई आपली वाट पाहते आहे, हे त्याला कळलेले असेल आणि त्याच्या नकाराचे खरे कारण तिलाही ठाऊक असेल.