‘गिव्ह अप’ म्हणजे काय?



राखेच्या बुधवारी मिस्सेनंतर इंग्रजी शाळेत जाणाऱ्या एका मुलाने आम्हाला विचारले, “फादर, लेन्टमध्ये तुम्ही काय गिव्ह अप करणार?” ‘चहातली साखर’ असे सांगून आम्ही सुटलो. शेजारी त्याची आजी होती. तिने अर्थ विचारला, तेव्हा तो म्हणाला, “गिव्ह अप म्हणजे हार मानणे.” आजी म्हणाली, “अरे, उपवासकाळात हार कशाला मानायची?”

मुलाचे चुकले नव्हते. नुसते ‘गिव्ह अप’ म्हटले की हार मानणे. पुढे एखादी वस्तू किंवा सवय आली की तिचा त्याग करणे. आणि ‘ऑन’ हा छोटा शब्द जोडून पुढे माणूस आला, तर त्या माणसाविषयीची आशा सोडून देणे. आपली मराठी तरी कुठे वेगळी आहे? आपण साखर सोडतो, आशा सोडतो, धरलेला हातही सोडतो.

आमच्या आधीच्या धर्मग्रामातील एका तरुणाला आम्ही दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात नेले. तो पुन्हा पिऊ लागला. तिसऱ्यांदा त्याची आई दारात आली, तेव्हा आम्ही म्हणालो, “बाई, आता आमच्याने होणार नाही.” तो उपवासकाळच होता. त्या चाळीस दिवसांत आम्ही मटण-मासळीला शिवलोही नव्हतो, आणि त्याचे आम्हाला समाधान वाटत होते!

योहानच्या शुभवर्तमानात (१९:३०) येशूच्या मरणाच्या वर्णनात १६११ च्या इंग्रजी बायबलने हेच ‘गिव्ह अप’ वापरले आहे. मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘पारादिदोमी’, म्हणजे हाती सोपवणे. गंमत नव्हे, पण यहूदाने येशूला शत्रूंच्या हाती दिले तिथेही हेच क्रियापद येते. शब्द एकच, एकाने दुसऱ्याला सोपवले, दुसऱ्याने स्वतःला. आणि स्वतःला सोपवणाऱ्याने क्रूसावर असतानाही शेजारच्या गुन्हेगाराची आशा सोडली नाही, असे लूक सांगतो.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या माउलीला फोन केला. मुलगा अजून पितो. येत्या सोमवारी आम्ही तिकडे जाणार आहोत. तो भेटेल की नाही, ठाऊक नाही. चहा पुढे आला, तर साखरेचाच घेऊ.

तुमचे फादर