पुसून ठेवलेलं हत्यार

आमच्या मंद्रूपच्या घरात एक रिव्हॉल्वर आहे. इंग्लंडात बनलेलं वेब्ली, बत्तीस बोअरचं. माणसावर सोडाच, ते रानडुकरावरसुद्धा कधी चाललेलं नाही. त्याची निगा मात्र पाऊणशे वर्षं अखंड चालू आहे. जे चालवायचं नाही, ते इतकं जपायचं कशाला, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आलाय. अलीकडे त्यावरून घरात वाद सुरू झालेत, म्हणून लिहायला बसले.

परवाना मुळात आजोबांचा, म्हणजे तात्यांचा. रझाकारांच्या धामधुमीतला. सोलापूरच्या पूर्वेला, नळदुर्गाच्या बाजूला तेव्हा निजामाची हद्द लागायची. तिकडून जीव घेऊन आलेली माणसं जे सांगायची, ते ऐकून सीना-भीमेच्या मधल्या आमच्या काळ्या रानातली माणसंही रात्री दाराला दोन-दोन अडसर लावायची. 13 सप्टेंबर 1948 ला फौज सोलापूरहून नळदुर्गाच्या दिशेनं निघाली, आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. भीती गेली, रिव्हॉल्वर राहिलं. खेड्यातल्या घरांत अशा पुष्कळ वस्तू असतात. कारण कधीच संपलेलं असतं, वस्तू मात्र फळीवर बसून असते. तात्यांच्या मागं ते अण्णांच्या नावावर झालं. अण्णा आता ऐंशीच्या पुढं गेलेत.

रंगानं ते काळं आहे, पण नुसतं काळं नाही. उन्हात धरलं की पिकल्या जांभळासारखी निळी झाक दिसते. या झिलईला ब्लूइंग म्हणतात. लहानपणी मला तो रंग वाटायचा, पण तो रंग नव्हेच. तो गंजच आहे. लोखंडाला हवा-पाणी लागलं की तांबडा गंज चढतो, तो पापुद्रे सोडतो आणि खालचं लोखंड खात जातो. पण तोच गंज कारागिरानं मुद्दाम, बेताबेतानं चढवला आणि पाण्यात उकळला, की तो काळा होतो, पोलादाला घट्ट चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. पुढं कारखान्यांत कॉस्टिक आणि नायट्रेटच्या उकळत्या क्षारांत बुडवून हेच काम झटपट होऊ लागलं. म्हणजे चोरालाच वाड्याच्या दारावर राखण बसवायचं. मात्र हा राखणदार फार दुबळा. थर इतका पातळ, की घामाचं बोट लागून तसंच राहिलं तर चार दिवसांत त्या बोटाच्या ठशावर ज्वारीच्या तांबेऱ्यासारखे ठिपके उठतात.

म्हणून अण्णांचा नेम. महिन्यातून एकदा, दुपारी, आईची भांडी आवरल्यावर, माजघरात. आधी रिव्हॉल्वर मोडून उघडायचं. वेब्ली मधोमध मान टाकल्यासारखं पुढं वाकतं. चक्रीची सहाही भोकं डोळ्यांनी बघायची आणि वर बोट घालून चाचपायची. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. मग रॉकेलची चिंधी नळीतून ओढायची, मागून कोरडी चिंधी, आणि शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन अंगभर पुसायचं. दोनच थेंब. मंद्रूपच्या कोरड्या हवेत जास्त तेल घातलं तर चैत्रातली काळी धूळ त्यावर बसून चिखल होतो, आणि ते चक्रीत उतरलं तर काडतुसांची दारू मारतं. खोबरेल तर अजिबात नाही, ते चिकट होतं. कोकणात म्हणे तेलाचा हात जरा सैल ठेवावा लागतो. हात सगळे अण्णांचे. मी चिंध्या फाडून देणारी. पुसून झालं की सुती कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत. चामड्याच्या कव्हरात कधीच नाही. तात्यांच्या काळी एक अख्खा पावसाळा ते कव्हरात राहिलं होतं. चामडं ओल धरतं, आणि कमावताना लागलेले क्षार त्यात असतातच. नळीच्या तोंडाशी तेव्हाचे देवीच्या व्रणांसारखे खड्डे अजून आहेत.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्यानं एका सोयऱ्यांकडे परदेशी स्टेनलेसचं रिव्हॉल्वर बघितलं, आणि तेव्हापासून त्याचं म्हणणं, हे विकून तसलं घ्या. पांढरं स्वच्छ. घामाचं बोट लागलं तरी पुसायला घाई नाही. नळीच्या बुडाशी धुराची काजळी बसली तर भांडी घासायच्या मऊ काथ्यानं हलकं घासलं तरी चालतं. काळ्यावर तसा काथ्या फिरवला तर ब्लूइंग निघून खालचं पांढरं पोलाद उघडं पडेल. "वस्तूनं आपली चाकरी करायची का आपण वस्तूची?" हा त्याचा सवाल.

सवाल फालतू नाही. स्टेनलेसची जन्मकथाच बंदुकीतली आहे. 1913 साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधत होता. पोलादात शेकडा तेराच्या आसपास क्रोमियम मिसळल्यावर ते सहजी गंजेना. नळ्यांचं राहिलं बाजूला, सुऱ्या-काटे झाले, आणि हिंडत हिंडत ते आमच्या मांडणीवर वाट्या-तांब्या होऊन बसलं. बंदुकांकडे ते उशिरा परतलं. स्मिथ अँड वेसननं अख्ख्या स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्वर काढलं 1965 ला.

आणि स्टेनलेस घरात आलं तेव्हा माझ्या आईनं सुटकेचा श्वास टाकला, तो मी बघितलाय. पितळेला चिंच, लोखंडी कढईला राख, विळीला दर वेळी पुसून तेलाचं बोट. तिच्या हातांच्या भेगा वर्षभर भरायच्या नाहीत. जुन्या लोखंडी तव्याचं कौतुक लिहिणारे लोक बहुतेक तो घासलेले नसतात. क्षमा करणारी वस्तू स्वयंपाकघरात यावी, लवकर यावी, या मताची मी आहे.

पण हत्याराला ते लागू पडतं का? भाऊ हे बोलला तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "ते विसरता येतंय बग. म्हणून तर नको."

यावर मी बराच विचार केला. काळं पोलाद विसरू देत नाही. महिना चुकला की ठिपका दाखवतं. पेटी उघडावी लागते, भोकं मोजावी लागतात, आणि आपल्या घरात माणूस मारणारी वस्तू आहे हे महिन्यातून एकदा डोळ्यांसमोर येतं. पांढरं वर्षभर तसंच चकाकत राहतं. आणि त्या चकाकीवर विश्वास टाकावा तर तोही पुरता खरा नाही. 'डाग कमी लागतात' एवढाच स्टेनलेसचा करार. खारट घामानं त्यालाही बारीक खड्डे पडतात, साध्या लोखंडी तारेनं घासलं तर तिचे कण रुतून तेच गंजतात, आणि आतल्या स्प्रिंगा, स्क्रू पुष्कळदा साध्या पोलादाचेच असतात. वरून लखलखीत, आतून धरलेलं, असं होऊ शकतं. शिवाय पांढरं दिसलं म्हणजे स्टेनलेसच असंही नाही. जुन्यांवर निकेलचा मुलामा असतो, त्यावर अमोनियाचं औषध लावलं तर मुलामाच सुटतो.

पेपरात अधूनमधून बातमी येते: 'रिव्हॉल्वर साफ करताना गोळी सुटून मृत्यू'. अण्णा ती मोठ्यानं वाचतात आणि दर वेळी एकच म्हणतात, "भरलेलं साफ करत नसतेत, आणि रिकामं सुटत नसतंय." म्हणजे त्या बातमीत साफ करणं नसतंच. एक तर विसरणं असतं, नाहीतर घरच्यांनी झाकून घेतलेलं दुसरं काही. नापिकीच्या वर्षी, कर्जाच्या घरात पेटीची किल्ली कुठं असावी, याची चर्चा आमच्याकडं एकदा झाली होती. शेजारच्या वाड्यातल्या गड्यासाठी नव्हे, आमच्याच माणसांसाठी. तेव्हापासून दोन किल्ल्या दोघांकडे.

खंडेनवमीची तऱ्हा वेगळीच. त्या दिवशी विळे, कोयते, पाभर, ट्रॅक्टर आणि रिव्हॉल्वर एका ओळीत. हळद-कुंकू ओलं, वर झेंडू, पुढं लिंबू चिरलेलं. आता लिंबाचा रस म्हणजे ब्लूइंगचा वैरी. थेंब पडला की काळं खाऊन जातो. ओलं कुंकू रात्रभर बसलं तर त्याखाली सकाळी तांबडं. अण्णा देवभोळे आहेत, पण त्यांनी तोड काढली: कुंकू रिव्हॉल्वरला नाही, खालच्या कापडाला. यावरून आजीनं एक वर्ष अबोला धरला होता. मला विचाराल तर अण्णांचीच पूजा खरी. कोयत्याला धार नाही, दांडा हलतोय, आणि वर हळदीचा लेप, असं मी गावात खूप बघितलंय. 2014 ला विधानसभेचं मतदान 15 ऑक्टोबरला आणि 2019 ला 21 ऑक्टोबरला होतं, म्हणजे दोन्ही वेळा दसरा आचारसंहितेत आला. रिव्हॉल्वर ठाण्यात जमा. त्या दोन्ही खंडेनवम्यांना आईनं पाटावर ठाण्याची पावती ठेवली आणि हवं तेवढं कुंकू लावलं. तिला मनातून तीच पूजा आवडली असणार.

कारण आईची हरकत आम्हा सगळ्यांपेक्षा जुनी आहे. तिला काळं-पांढरं दोन्ही नको. ती म्हणते, "रोज पुसलेल्या वस्तूवर माया बसती. हत्यारावर माया बसू नये." अण्णा नळी पुसताना जे हळुवार होतात, ते बघून मलाही कधी कधी नको वाटतं. पुसण्यानं भान राहतं हे खरं, आणि पुसण्यानं जीव जडतो हेही खरं. या दोहोंचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. एवढं कळतं, की ज्याला भान ठेवायला वेळ नाही त्यानं पांढरं घेऊन काही साधणार नाही. त्यानं ते परवानाधारक विक्रेत्याकडं देऊन टाकावं. भावाला मी हेच सांगितलं, तर तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तिनाची पाच वर्षं झाली. यंदा नूतनीकरण आहे. अण्णा म्हणतात, ही शेवटची खेप. पुढं कुणाच्या नावावर करायचं ते आताच ठरवा. दिवाळीत भाऊ आला तेव्हा त्यांनी त्याला माजघरात बसवलं, रिव्हॉल्वर उघडून धरलं, आणि भोकं मोजायला लावली. त्यानं बघून सांगितलं, "सहा. रिकामी." अण्णांनी वर न बघता विचारलं, "बोट घातलास का?"